बौद्धाचार्य म्हणून पहिलं लग्न लावायचंय. "अहं भन्ते" कुणाला म्हणायचं?

माणदेशी_ताई

सर्वांना जयभीम. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माण तालुक्यातलं आमचं गाव. बौद्धांची बावीस घरं आणि एक समाजमंदिर. गेली एकतीस वर्षं गावचे बौद्धाचार्य म्हणजे माझे चुलते, अण्णा. लग्न, नामकरण, घरभरणी, मयत, काहीही असो, पांढरा सदरा-लेंगा घालून, पिशवी काखेत मारून अण्णा हजर. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलतात, पण शब्द तोंडातच विरघळतात, घरच्यांनासुद्धा निम्मंच कळतं.

पुढच्या महिन्यात वाडीतल्या एका मुलीचं लग्न आहे. तिची आई परवा सरळ घरी आली आणि म्हणाली, "अण्णांची पिशवी आता तूच घे." मी गावात आशा सेविका आहे, त्यामुळं बायका माझ्याशी मोकळ्या असतात. दोन वर्षांपूर्वी दहा दिवसांचं उपासिका शिबिर केलंय. वंदना, परित्राण पाठ, जयमंगल अष्टगाथा सगळं पाठ आहे. खरं तर निम्मं शिबिराआधीच पाठ होतं, अण्णांच्या मागं बसून बसून.

आता घरातलेच बोलतात. पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो, "बौद्धाचार्य म्हणजे पांढऱ्या कपड्यातला भटजी. करायचं तर भन्ते आणा." भन्ते, म्हणजे चीवर (भिक्खूचं वस्त्र) घेतलेले भिक्खू, राहतात ते विहार आमच्यापासून साठ किलोमीटर. त्यांचं जेवण बाराच्या आत व्हायला हवं आणि वऱ्हाडाचा टेम्पो दीडच्या आधी येत नाही, हे त्याला कोण सांगणार. मुलाकडच्या एका आजोबांचाही निरोप आलाय, "बाई उभी राहून लग्न लावणार का?"

ही दोन्ही तोंडं मी बंद करीन. माझी अडचण वेगळी आहे. रात्री भाकऱ्या झाल्यावर एकटीच सराव करते, तेव्हा पहिल्याच ओळीला अडते. "ओकास, अहं भन्ते, तिसरणेन सद्धिं पञ्चसीलं धम्मं याचामि." भन्ते, मला शील द्या, असं मागायचं. समोर भन्ते कुठायत? समोर मी. दोनशे माणसं मला भन्ते म्हणून शील मागणार आणि मी देणार? मी कोण देणारी? त्याच दिवशी सकाळी पाण्याच्या टाकीवरून सासूशी भांडलेली असते मी.

अण्णांना विचारलं. ते हसले, काहीतरी सांगायला लागले. तीनदा विचारलं, तीनदा कळलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तसं मी विषय सोडला.

तर जाणकारांना विचारते. ज्यानं चीवर घेतलेलं नाही, घरदार-लेकरं आहेत, अशा माणसानं काय काय करायचं आणि कुठं थांबायचं?

निवृत्त_वाहक

ताई, सप्रेम जयभीम. मी दापोलीकडचा. एसटीत वाहक होतो. १९८७पासून लग्नं लावतो. वहीत नोंद आहे, परवाचं धरून ६१२ झाली. मयतं मोजलेली नाहीत.

आधी तुझ्या ओळीचं. मलाही पहिली दोन-तीन वर्षं ती टोचायची. मग मी एक केलं, तोंड फिरवलं. भन्ते असले की ते लोकांकडं तोंड करून बसतात, लोक त्यांना मागतात, ते देतात. मी लोकांकडं पाठ करतो आणि सगळ्यांसारखा मूर्तीकडं तोंड करून उभा राहतो. याचना, म्हणजे तुझी ती मागण्याची ओळ, वगळतो. "नमो तस्स भगवतो" पासून सुरुवात. मी म्हणतो, माझ्यामागून लोक म्हणतात. पंचशील मी देत नाही, मी घेतो. फक्त माझा आवाज इतरांपेक्षा अर्धी ओळ पुढं असतो. आमच्या भागातले काही जण याचना तशीच म्हणवून घेतात, कुणी "भन्ते"च्या जागी दुसरा शब्द घालतात. त्यांच्याशी मी भांडत नाही. पण तुला अडखळायला होतंय तर हे करून बघ. माइक मात्र उंचावर बांधायला सांग, नाहीतर आवाज मूर्तीलाच ऐकू जातो.

मोठ्या उपासकांच्या गोष्टी कुणीतरी सांगेलच, मी आमच्या गावचं सांगतो. माझे बाबा परळला गिरणीत होते. ७ डिसेंबर १९५६ला दादरच्या समुद्रकाठी बाबासाहेबांचा अंत्यविधी झाला तेव्हा भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्यांना दीक्षा दिली, त्या गर्दीत बाबा होते. मे महिन्यात चाकरमानी म्हणून गावी आले. गावात भिक्खू कुठला? कोकणात तेव्हा आमच्या कुणी डोळ्यानं पाहिलेला नव्हता. बाबांनी बावीस प्रतिज्ञा वहीच्या कागदावर उतरवून आणल्या होत्या. पडवीत घोंगड्या टाकल्या, सगळ्या वाडीला बसवलं आणि स्वतःच म्हणवून घेतल्या. चौथी पास गिरणी कामगार. त्यात आठवी प्रतिज्ञा आहे, कोणतंही क्रियाकर्म ब्राह्मणाकडून करवून घेणार नाही. म्हणजे पडवीतून उठल्या क्षणी जुना दरवाजा बंद, आणि पंधरा दिवसांवर माझ्या आत्याचं लग्न. लावलं कुणी? बाबांनीच. आम्ही असे आलोय या कामात. कुणी नेमलं नाही, वेळ येऊन ठेपली.

आणि नागपूरला १४ ऑक्टोबरला काय झालं होतं? बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्रिसरण-पंचशील घेतलं आणि मग समोरच्या लाखो माणसांना दीक्षा स्वतः दिली. अंगावर चीवर नव्हतं, पांढरे कपडे होते.

आता बाईमाणसाचं. १९८८चं लग्न, मंडणगडकडची एक वाडी. मी पुस्तकातून अष्टगाथा वाचायचो तेव्हा. मेणबत्ती पुस्तकाजवळ ठेवली होती, मेण गळून दोन पानं चिकटली. मला कळलंच नाही. पाचवी गाथा झाली, चिंचा नावाच्या बाईची, आणि मी थेट नागराजावर गेलो. लोक फुलं टाकतायत, फोटोवाला फोटो काढतोय, कुणाच्या लक्षात यायचं कारण नाही. तेवढ्यात पुढं खाली बसलेली एक म्हातारी, लुगडं, कपाळावर गोंदण, मोठ्यानं म्हणाली, "अरे कंडक्टर, सच्चकाला खाली ठेवून डबल बेल दिलीस!" मांडव हसून लोटपोट. मी पानं सोडवली, राहिलेली सहावी, सच्चकाची गाथा म्हटली आणि मग पुढं गेलो. जेवणाच्या पंगतीत तिच्याशेजारी बसलो. अक्षरओळख नव्हती. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज रात्री वाडीत वाचन चालायचं, तिथं ऐकून ऐकून आठही गाथा, महामंगलसुत्त, सगळं तोंडात बसलं होतं. त्या दिवशी पुस्तक माझ्या हातात होतं आणि लग्न तिनं लावलं. मुलाकडच्या आजोबांना ही गोष्ट सांग माझ्या नावानं.

तुझ्या चुलतभावाला मात्र अगदी झटकून टाकू नकोस. तो अर्धा खरा बोलतो. लोक आम्हाला भटजी करायला टपलेलेच असतात. फोन येतो, "काका, त्या दिवशी अमावस्या तर नाही ना?" "बाळाचं नाव कुठल्या अक्षरावरून?" "घरभरणीला नारळ कितीला फोडायचा?" मी सांगतो, माझ्याकडं एकच वेळापत्रक, दापोली डेपोचं. पाया पडायला वाकतात, खांदा धरून उभं करायचं. खुर्चीवर झूल घालतात, काढून ठेवायची. आणि पाकीट. हे नीट ऐक. मी एसटीभाडं घेतो, वर कुणी दिलं तर विहाराच्या नावानं पावती फाडतो, तिथल्या तिथं, माणसांसमोर. चारचाकीतून येऊन आधी आकडा सांगणारेही पाहिलेत मी. एका बापानं मुलीच्या लग्नात अशा पाकिटासाठी शेजारच्याकडून उसने घेतले, हेही पाहिलंय. तिथं तुझा भाऊ शंभर टक्के खरा.

मयताचं काम सगळ्यात अवघड आणि तेच आपलं खरं काम, असं माझं मत. रात्री दोनला दार वाजतं. त्या वेळी भन्ते साठ किलोमीटरवरून येणार नसतात. पुण्यानुमोदनाला, म्हणजे मृताच्या नावानं पुण्य वाटताना, तांब्यातून ताटलीत पाणी सोडायचं असतं ते तुला माहीत असेल. घरच्या सगळ्यांनी तांब्याला हात लावायचा. मी मुद्दाम बारीक धार धरायला सांगतो. ताटली भरेपर्यंत, काठावरून सांडेपर्यंत कुणी बोलत नाही. तेवढ्यात जो रडायचा तो रडून घेतो. घाई करू नकोस तिथं.

एक कागदाचं. विवाह नोंदणीच्या अर्जात लग्न लावणाऱ्या पुरोहिताची सही लागते. रकाना तसाच छापलेला आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा कारकून म्हणाला, "भटजी का?" म्हटलं, "नाही, कंडक्टर." त्यानं वर पाहिलं, मग शिक्का मारला.

पालीवाली_नागपूर

ताई, काका, दोघांनाही जयभीम. काकांचं सगळं आवडलं तरी थोडा वेगळा सूर लावते.

बुद्ध-धम्म-संघ या त्रिरत्नांत तिसरं रत्न संघ, म्हणजे भिक्खूंचा समुदाय आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध नोंदले गेले. एवढ्यांना पुरतील इतके भिक्खू नाहीत, म्हणून आपण बौद्धाचार्यांवर भागवलं. मग हळूहळू आपल्याला भिक्खू नकोसेच झाले. घरातला मुलगा श्रामणेर (नवशिक्या भिक्खूच्या) शिबिराला दहा दिवस गेला, डोक्याचे केस गेले, फोटो निघाले, अकराव्या दिवशी चीवर परत. त्यानं कायमचं जायचं म्हटलं तर आईबाप पोलिसांत जातील. उपासकाला सगळं करता येतं, पण उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, देता येत नाही. विनयाप्रमाणे, म्हणजे भिक्खूंच्या नियमांप्रमाणे, मध्यदेशाबाहेर (बुद्धकाळच्या गंगेच्या खोऱ्याबाहेर) किमान पाच भिक्खू जमल्याशिवाय सहावा होत नाही. ती साखळी तुटली की आपण कितीही छान गाथा म्हटल्या तरी जोडता येणार नाही. म्हणून माझी विनंती, लग्न तुम्ही लावा, पण वर्षावास संपल्यावर वाडीतर्फे एक चीवरदान करा, भन्तेंना बोलवा, लेकरांना त्यांच्यासमोर बसवा.

आता माझ्याच बाजूविरुद्ध जाणारं सांगते, लपवून काय करू. लग्न हे भिक्खूंचं काम कधीच नव्हतं. भिक्खूंच्या तेरा संघादिसेसांपैकी (गंभीर दोषांपैकी) पाचवा स्थळं जुळवण्याबद्दलचा आहे, भिक्खूनं त्यात पडायचं नाही. श्रीलंकेतही लग्नाचा विधी गृहस्थच लावतात, जयमंगल गाथा पांढऱ्या कपड्यांतल्या मुली म्हणतात. वधूवरांच्या पाच-पाच प्रतिज्ञा आपण म्हणवून घेतो, त्या सिगालोवाद सुत्तातून आल्यात आणि त्या सुत्ताला परंपरेनं गिहिविनय म्हटलंय, गृहस्थांचा विनय. बुद्धांनी तो एका गृहस्थाच्या पोराला सांगितला. आणि "पांढऱ्या कपड्यातला" ही शिवी नाही हो. पालीत उपासकाला "ओदातवसन" म्हणतात, म्हणजे पांढरी वस्त्रं नेसणारा.

बाईचं म्हणाल तर खुज्जुत्तरा. कोसंबीच्या राणी सामावतीची दासी. बुद्धांची प्रवचनं ऐकून यायची आणि राणीवशात जशीच्या तशी सांगायची. बहुश्रुत उपासिकांत बुद्धांनी तिला पहिली म्हटलंय. "इतिवुत्तक" हा ग्रंथ तिच्या पाठांतरातून आला असं परंपरा मानते. काकांची मंडणगडची आजी वाचली आणि मला तीच आठवली.

आणखी एक, मला फार आवडणारी गोष्ट. मच्छिकासंडचा चित्त गहपती (गृहस्थ), धम्म सांगणाऱ्या उपासकांत पहिला. सुधम्म नावाचा भिक्खू त्याच्याच आश्रयाला राहायचा. चित्तानं बुद्धांचे थोर शिष्य सारिपुत्त-मोग्गल्लान यांना आधी जेवायला बोलावलं, याला मागून, म्हणून सुधम्म रुसला. जेवणाची तयारी बघून म्हणाला, सगळं आहे, फक्त तिळाची वडी नाही. तो चित्ताच्या घराण्याला टोमणा होता. प्रकरण बुद्धांपर्यंत गेलं. त्यांनी काय केलं? भिक्खूला परत पाठवलं, जा, त्या गृहस्थाची क्षमा माग. तो गेला आणि लाजून तसाच परत आला. मग सोबतीला दुसरा भिक्खू देऊन पुन्हा पाठवला. विनयग्रंथातल्या चुल्लवग्गात आहे हे. भिक्खूचा मान राखतानाही उपासकाला कुठवर उभं केलं होतं ते यात दिसतं.

बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्याचा धम्म"मध्ये लिहिलंय की पूर्वी संघात जाण्याचा विधी होता, पण गृहस्थानं धम्मात येण्याचा वेगळा विधी नव्हता, आणि ही मोठी चूक ठरली. ती चूक दुरुस्त करायला बावीस प्रतिज्ञा आल्या. तुमची पिशवी त्या दुरुस्तीतली आहे, एवढं धरून चला.

वसईकर

नमस्कार. मी कॅथलिक, इथं उगाच घुसतोय, पण राहवलं नाही. आमच्याकडं मिस्सा आणि पापनिवेदन फादरशिवाय होत नाही. लग्न मात्र, धर्मशिक्षणात शिकवलं तसं, वधूवर एकमेकांना देतात. फादर चर्चचा साक्षीदार. आम्ही कुणीही हे लक्षात ठेवत नाही आणि "फादरनी लग्न लावलं" असंच म्हणतो.

दुसरं, तुम्ही आशा सेविका आहात म्हणून सांगतो. माझी आजी सुईण होती. मूल जगेल की नाही अशी वेळ आली की ती स्वतः डोक्यावर पाणी ओतून, ठरलेले शब्द म्हणून बाप्तिस्मा द्यायची. कुणीही देऊ शकतं. ते मूल पुढं वाचलं तरी फादर पुन्हा पाणी ओतत नाहीत, आजीचं तेच धरलं जातं. आमच्या गावात असे दोन पुरुष आहेत, एक आता सत्तरीचा. आजी त्याला रस्त्यात दिसली की म्हणायची, "हा माझा."

निवृत्त_वाहक

नागपूरच्या ताईंना जयभीम. चीवरदानाचं पटलं. आमच्या वाडीत आठ वर्षांत झालेलं नाही, दोष माझाच. यंदा आश्विनात करतो.

वसईकर, तुमच्या आजीला माझा नमस्कार.

माणदेशी_ताई

लग्न परवा झालं. कळवायला उशीर झाला, कारण कालपासून गावात पल्स पोलिओ होतं.

काकांनी सांगितलं तसं मूर्तीकडं तोंड केलं. माइक उंच बांधायला सांगितलं होतं, मांडववाल्यानं पुरुषाच्या मापानं बांधला, मग प्लास्टिकच्या स्टुलावर उभी राहिले. पहिल्या "नमो तस्स"ला आवाज फुटेना. मागून सगळ्यांनी उचललं तेव्हा सुटला. अण्णांना पुढं खुर्चीवर बसवलं होतं, आणि पाठ असल्यामुळं मला ते दिसत नव्हते. पण गाथेच्या शेवटी "जयमंगलानि" आलं की त्यांचा आवाज यायचा. गाथेचे शब्द त्यांच्या तोंडून बोलण्यापेक्षा बरे सुटतात. डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या, पाठ असलेलं म्हणताना असं होतं कधीकधी. आठही झाल्या. मी बोटं घडी घालून मोजत होते.

मुलाकडचे आजोबा शेवटपर्यंत गप्प होते. निघताना त्यांनी पाकीट पुढं केलं. मी भाड्याचं काही नाही, घर इथंच आहे म्हटलं आणि विहाराची पावती फाडली. नाव काय लिहू विचारलं तर म्हणाले, बायकोचं लिही.

याचना ही ओळ आम्ही वगळलीच. पण घरी आल्यावर अण्णांना सांगितलं, मी असं असं केलं, मूर्तीकडं तोंड केलं. त्यांनी डाव्या हातानं पिशवी मागितली, आत चाचपलं आणि त्यांची जुनी पुस्तिका काढली. पहिल्या पानावर त्या ओळीवर पेन्सिलीनं आडवी रेघ होती. पेन्सिल इतकी पुसट की मी इतक्या वर्षांत कधी पाहिली नव्हती.

आज नोंदणीला गेले होते. पुरोहिताच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, व्यवसाय आशा सेविका. कारकुनानं काही विचारलं नाही. आधारची झेरॉक्स मात्र दोन लागतात, मी एकच नेली होती, उद्या परत जायचंय. पुढच्यांनी लक्षात ठेवा.